विजेचे बटण (घरगुती)

दिवा, पंखा यांसारख्या उपकरणाचे विद्युत् मंडल (सर्किट) हाताने जोडणारी व तोडणारी प्रयुक्ती. स्विच, कळ व खटका हे शब्दही याच अर्थाने वापरतात. ‘बटण’ हे रूप इंग्रजीतून आले असावे. पोर्तुगीज मूळही सुचवता येईल. पण तो शब्द गोव्याच्या कोंकणीत ‘बुतांव’ असा निराळा रुळला असल्याने इंग्रजी व्युत्पत्तीच अधिक संभाव्य वाटते.

घरगुती बटणाचा जनक कोण, याचे उत्तर बटण कशाला म्हणावे यावर ठरते. सुरी-पात्याचे व फिरकीचे स्विच आधीपासून वापरात होते. मात्र ते सावकाश उघडले की दोन संपर्कांमधील फटीत ठिणगी रेंगाळे व धातू जळे. तेव्हाच्या एकदिश (डीसी) पुरवठ्यात हा दोष विशेष जाणवे. इंग्लंडमधील न्यूकॅसलचे अभियंते जॉन हेन्री होम्स यांनी 1884 च्या सुमारास स्प्रिंगच्या साहाय्याने संपर्क झटक्यात तोडणारी रचना केली. बोट कितीही हळू हलले, तरी तोडण्याचा वेग स्प्रिंग ठरवते. अमेरिकेतील टॉगल (वर-खाली करायच्या दांडीच्या) स्विचचे एकस्व (पेटंट) साधारण 1917 मधले असून त्यालाही काही जण आरंभ मानतात. परंतु आजच्या बटणाचे तत्त्व होम्स यांच्या रचनेतच दिसते. भारतातील 230 व्होल्ट, 50 हर्ट्‌झच्या प्रत्यावर्ती (एसी) पुरवठ्यात प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो व ठिणगी आपोआप विझते. म्हणून आताची बटणे आटोपशीर झाली. फक्त एसीसाठीचे बटण सौर संचाच्या डीसी मंडलात मात्र लावू नये.

लाकडी पाटीवरील काळी गोल बटणे, मग पियानो बटणे (पियानोच्या पट्टीसारखी दाबायची) व त्यानंतर मॉड्यूलर बटणे (चौकटीत सुटी बसवता येणारी) असा भारतीय घरांतील साधारण क्रम आहे. घरगुती बटणांसाठी आयएस 3854 हे भारतीय मानक आहे.

भारतीय विद्युत नियम, 1956 मधील नियम 45 नुसार वीजसंचाचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे लागे. मात्र संचाची क्षमता वा स्वरूप न बदलता दिवे, पंखे, फ्यूज व स्विच बदलणे यातून वगळले होते. 2010 च्या केंद्रीय विनियमांतही ही सवलत राहिली. म्हणजे बिघडलेल्या बटणाच्या जागी तेवढ्याच क्षमतेचे बसवणे एक, आणि नवा पॉइंट काढणे दुसरे. दुसरे काम परवानाधारकाचेच.

बटण बदलताना आधी मेन स्विच बंद करतात. केवळ बोर्डावरचे बटण किंवा एकच एमसीबी (जास्त प्रवाह आल्यास आपोआप पडणारा खटका) पाडणे पुरेसे नाही, कारण एका बोर्डात दोन मंडले येऊ शकतात. इन्व्हर्टर असलेल्या घरात मेन बंद असूनही तारा जिवंत राहतात. तोही स्वतंत्र तोडावा लागतो. टेस्टर आधी चालू सॉकेटवर पारखून घ्यावा, मग बोर्डातील प्रत्येक तारेला लावावा. ओल धरलेल्या भिंतीत वा शेजारच्या तारेच्या प्रेरणाने (इंडक्शनने) तार मृत असूनही तो मंद उजळू शकतो. पण तो न उजळणे हाही निर्णायक पुरावा नव्हे. शंका असल्यास मीटरने मोजावे.

बटण फेजच्या (वीज आणणाऱ्या) तारेत असते, न्यूट्रलमध्ये (परतीच्या तारेत) कधीही नाही. न्यूट्रल तोडल्यास दिवा विझतो, पण होल्डर जिवंत राहतो व बल्ब बदलणाऱ्यास धक्का बसतो. बंद केल्यावरही एलईडी दिवा मिणमिणत असेल, तर या चुकीची शंका घ्यावी. अर्थात बटणातील निऑन दर्शकामुळेही तसे घडते. जुन्या पद्धतीत लाल तार फेज, काळी न्यूट्रल व हिरवी अर्थ. परंतु जुन्या घरात रंगांवर विसंबू नये. एका बटणातून दुसऱ्याला गेलेली लूपची तार सुटली, तर पुढची बटणे बंद पडतात. म्हणून काढण्यापूर्वी खुणा कराव्यात. तारेचा एकही धागा स्क्रूबाहेर राहू नये. ढिला स्क्रू तापतो व बटण वितळते. दिवा-पंख्याला 6 अँपिअरचे बटण चालते, गीझरला 16 चे लागते.

जिन्यातील दुहेरी बटणाला (वरून व खालून एकच दिवा चालवणाऱ्या) तीन टोके असतात. त्यांतील सामाईक टोक मधलेच असेल असे नाही. ते बटणाच्या पाठीवरील खुणेवरून ओळखतात.