९० डिग्रीत ताठ बसायचं म्हणे!

घरून कामासाठी टेबल-खुर्ची मांडायला घेतली की कोणीतरी सांगतंच, पाठ अगदी काटकोनात पाहिजे. वर्षानुवर्षं हे फिरतंय, पण खरं नाहीये. तसं ताठ बसलं की कमरेचे स्नायू सतत ताणलेले राहतात, दमतात, म्हणून तर थोड्या वेळात आपण आपोआप घसरून बसतो (आळस नाही हो तो). २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी एमआरआय काढून बघितलं तर मागे रेलून, साधारण १३५ डिग्रीत, मणक्यातल्या चकत्या सगळ्यात कमी सरकलेल्या दिसल्या. आता १३५ मध्ये टायपिंग कोण करणार, पण खुर्चीची पाठ १००-११० पर्यंत मागे टाका, कमरेच्या खोलगटात टॉवेलची गुंडाळी ठेवा, बास. खरा घोळ लॅपटॉपचा असतो, स्क्रीन नि कीबोर्ड एकत्र चिकटलेले त्यामुळे एकतर मान वाकते नाहीतर खांदे वर चढतात, तिथे महागडी खुर्ची काय करणार? लॅपटॉप जाड पुस्तकांवर चढवा, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, कीबोर्ड-माऊस वेगळा जोडा. आणि कितीही झकास बसलात तरी अर्ध्या-पाऊण तासाने उठाच, कॉल आला की चालत चालत बोला.