भू-वापर बदलावरील सार्वमत

शेतीचा हिरवा पट्टा रहिवासात घेणे, बागेचे किंवा शाळेचे आरक्षण उठवणे, औद्योगिक विभागाची हद्द सरकवणे असे बदल नगरसेवकांवर वा मंत्रालयावर न सोपवता त्या गावच्या मतदारांनी थेट मत टाकून ठरवावेत, अशी ही सूचना आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात तशी तरतूद नाही. नागरिकाला हरकत घेता येते, मत देता येत नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे शहराची विकास योजना, म्हणजे बोलण्यातला डीपी, साधारण वीस वर्षांसाठी होतो. प्रारूप प्रसिद्ध झाले की कलम २६ खाली हरकती-सूचना मागवतात, समिती सुनावणी घेते आणि मंजुरी शेवटी राज्य शासन देते. या टप्प्यावर निदान गाजावाजा तरी होतो. छत्रपती संभाजीनगरच्या वाढीव हद्दीच्या सुधारित योजनेत महापालिकेच्या सभागृहाने केलेल्या बदलांवरून प्रकरण उच्च न्यायालयात गेले, २०१६ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने ती योजना रद्द केली आणि वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात पोहोचला.

खरी मेख कलम ३७ मध्ये आहे. योजनेचे मूळ स्वरूप बदलणार नाही एवढ्या अटीवर या कलमाने मंजूर डीपीत फेरबदल करता येतो. राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर सूचना येते: ‘मौजे अमुक येथील गट क्रमांक अमुकमधील क्षेत्र शेती विभागातून वगळून रहिवास विभागात समाविष्ट करणे.’ हरकतीला एक महिना. नकाशा कार्यालयीन वेळेत पाहायचा, अर्ज देऊन पोच घ्यायची, सुनावणीला रोज बुडवून जायचे. शेजारच्या गटाचा झोन बदलला हे पुष्कळांना कळते ते प्लॉट विक्रीचा फलक लागल्यावर. सार्वमताच्या मागणीला बळ मिळते ते इथे. वीस वर्षांचा आराखडा मतपेटीत घालावा असे फारसे कोणी म्हणत नाही. राग आहे तो गुपचूप, तुकड्यातुकड्याने होणाऱ्या फेरबदलांवर.

अमेरिकेत हा प्रश्न थेट मतदारांपुढे गेला. ओहायोतील ईस्टलेक शहराने भू-वापर बदलाला ५५ टक्के मतांची अट घातली होती. ती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये वैध ठरवली. फ्लॉरिडात २०१० साली स्थानिक आराखड्यातला प्रत्येक बदल मतदानाला टाकावा अशी घटनादुरुस्ती मांडली गेली, पण सुमारे दोन-तृतीयांश मतदारांनी ती फेटाळली. त्याच राज्यातील सेंट पीट बीच या गावाने असा नियम आधीच केला होता. तिथे मतदानानंतरही कोर्टबाजी थांबली नाही. मतपत्रिकेवरचा मजकूरच दिशाभूल करणारा होता, अशी तक्रार झाली. स्वित्झर्लंडमध्ये अनेक ठिकाणी गावाचा झोन आराखडा ग्रामसभेत किंवा मतदानाने मंजूर होतो.

आपल्याकडे जवळचा अनुभव दोन प्रकारचा. रायगड जिल्ह्यातील पेण भागात महामुंबई सेझच्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) जमिनींसाठी २१ सप्टेंबर २००८ रोजी प्रशासनाने शेतकऱ्यांचे मत अजमावले. ओडिशात नियमगिरीच्या खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २०१३ मध्ये बारा ग्रामसभांनी नकार दिला. दुसरा अनुभव दारूबंदीचा, मराठवाड्यातल्या गावागावांना ठाऊक असलेला. महिला मतदारांपैकी वा एकूण मतदारांपैकी एक-चतुर्थांश जणांनी मागणी केली की गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवी जिंकली की दुकान बंद. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही प्रश्न कळतो. झोन बदलाला असे चित्र काढता येत नाही. चटई क्षेत्र (भूखंडावर किती बांधकाम करता येते), बफर म्हणजे मोकळा सोडायचा पट्टा, डीपी रस्त्याची रुंदी हे हो-नाहीत बसवायचे तर मजकूर कोण लिहितो यावरच निकालाची दिशा ठरेल.

मराठवाड्यात आणखी दोन-तीन गाठी आहेत. बीड, धाराशिव, जालना भागातील ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि गाळप संपल्यावर परततात. त्या काळात मतदान घेतले तर अख्खा तांडा मतदानाबाहेर राहील. गायरानाचा प्रश्न त्याहून नाजूक. या जमिनी कसणाऱ्या दलित, भूमिहीन कुटुंबांसाठी एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने वर्षानुवर्षे लढा दिला. गावच्या बहुमताने गायरानाचा वापर ठरवायचा म्हटले तर ज्यांच्याविरुद्ध हा लढा होता त्यांच्याच हातात निर्णय जाईल. बहुमत म्हणजे न्याय असे गृहीत धरणाऱ्यांनी गायरानाच्या फाईली चाळाव्यात. छत्रपती संभाजीनगरच्या गुंठेवारी, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेल्या जमिनींवरच्या, वसाहतींत चित्र उलटे दिसते: घरे आधी झाली, २००१ चा नियमितीकरणाचा कायदा नंतर आला. तिथला मतदार झोन बदलाच्याच बाजूने कौल देणार, आणि त्याच्या दृष्टीने ते चूकही नाही.

म्हणून सरसकट सार्वमतापेक्षा मर्यादित नकाराधिकार अधिक व्यवहार्य वाटतो. बाग, मैदान, शाळा, तलाव यांचे आरक्षण उठवायचे असेल तर त्या प्रभागाचे मतदान घ्यावे; एकेका मालकाच्या गटाचा निर्णय मात्र सुनावणीतूनच व्हावा. त्यातही कलम १२७ ची अडचण उरते: दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही आणि मालकाच्या नोटिशीनंतरही मुदतीत पावले उचलली नाहीत, तर आरक्षण आपोआप व्यपगत होते, म्हणजे संपते. लोकांनी मैदान राखा म्हणून मत दिले आणि पालिकेकडे मोबदल्याला पैसा नसला, तर त्या मताला अर्थ उरत नाही.

शेंद्रा-बिडकीन औद्योगिक पट्ट्यात नियोजनाचा अधिकार महापालिकेकडे नसून विशेष नियोजन प्राधिकरणाकडे आहे. तिथे मतदार कोण धरायचे हेच आधी ठरवावे लागेल. नांदेड जिल्ह्यातील किनवट भागातल्या अनुसूचित गावांना पेसा कायदा, १९९६, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींचा कायदा, लागू आहे. तिथे भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरील पंचायतीशी सल्लामसलत बंधनकारक आहे.