‘कोणतीही व्यक्ती’ म्हणजे कोण? अमेरिकेतल्या फोटो-खटल्याची पार्श्वभूमी

खोक्यावर उभा केलेला, तोंडावर बुरखा, हातांना तारा जोडलेला कैदी सगळ्यांनी पाहिलेला आहे. वाद रेंगाळला तो त्या फोटोवरून नव्हे. तो फोटो इराकमधल्या अबू गरीब तुरुंगातला, आणि तिथले फोटो एप्रिल २००४ मध्ये टीव्हीवर फुटले होतेच. त्यानंतरची भांडणे झाली ती इराक-अफगाणिस्तानातल्या इतर ठिकाणच्या, लष्करी चौकशीच्या फायलींत पडून असलेल्या फोटोंवरून.

हाल करणारा शत्रू असला की वॉशिंग्टनला असे फोटो दाखवायला कधी अडचण आली नाही. १८६४ मध्ये, अमेरिकेतल्या यादवी युद्धात, बंडखोर दक्षिणेच्या कैदेतून सुटलेल्या, हाडांचा सापळा झालेल्या सैनिकांची चित्रे संसदेच्या समितीनेच अहवालात छापली होती.

नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एका संघटनेने २००३ मध्ये कैद्यांना मिळालेल्या वागणुकीची माहिती सरकारकडे मागितली आणि २००४ मध्ये ती कोर्टात गेली. सरकार आधी कैद्यांच्या खासगीपणाची आणि जिनिव्हा कराराची ढाल पुढे करत होते. चेहरे झाका आणि द्या, असे न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी सांगितल्यावर ती ढाल निकामी झाली. मग २००५ मध्ये, अगदी शेवटच्या घटकेला, सरकारने अमेरिकेच्या माहितीस्वातंत्र्य कायद्यातले आणखी एक कलम पुढे केले: माहिती दिल्याने ‘कोणत्याही व्यक्तीच्या’ जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका संभवत असेल तर ती नाकारता येते.

सगळी मेख या दोन शब्दांत आहे. हे कलम तपासयंत्रणांच्या कागदपत्रांसाठीचे. मुळात त्यात फक्त पोलीस-तपास कर्मचाऱ्यांच्या जिवाचा विचार होता. ‘कोणतीही व्यक्ती’ १९८६ च्या दुरुस्तीत आली. सरकारचे म्हणणे, फोटो पाहून लोक भडकतील, सैनिक मरतील, ते सैनिक म्हणजेच ‘कोणतीही व्यक्ती’. अपील न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये हे उडवून लावले. कोण ते थोडे तरी नेमके सांगता आले पाहिजे. दोन देशांतले सगळे सैनिक आणि नागरिक मिळून ‘एक व्यक्ती’ होत नाही. (आपल्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्येही जवळपास हेच शब्द आहेत.) गंमत म्हणजे सरकारने पुढे सर्वोच्च न्यायालयात केलेल्या अर्जातच वादातल्या काही फोटोंचे वर्णन सरळ लिहिलेले आहे: डोक्यावर पिशवी, हात बांधलेले कैदी आणि त्यांच्या डोक्याशी पिस्तूल किंवा रायफल धरलेले सैनिक. वाचायला मोकळीक, बघायला बंदी.

एप्रिल २००९ मध्ये ओबामांच्या नव्या सरकारने फोटो देतो म्हणून कोर्टाला कळवले, २८ मे ही तारीखही दिली. १३ मे रोजी राष्ट्राध्यक्षांनी शब्द फिरवला. सेनाधिकाऱ्यांचा विरोध होता, हे खरे. पण पारदर्शकतेच्या घोषणा देऊन निवडून आलेल्या माणसाचे हे घूमजाव होते, हेही तितकेच खरे. ऑक्टोबरमध्ये संसदेने कायदाच बदलला. संरक्षणमंत्र्यांनी धोका असल्याचा दाखला दिला की ११ सप्टेंबर २००१ ते २२ जानेवारी २००९ या काळातले असे फोटो बंद. दाखल्याची मुदत ३ वर्षे, नूतनीकरण कितीही वेळा. ‘व्यक्ती’चा प्रश्नच उरला नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये २००८ चा निकाल रद्द करून प्रकरण परत पाठवले.

२०१२ मध्ये दाखला पुन्हा निघाला. एकेक फोटो पाहून निर्णय घेतला का, असे न्यायाधीश विचारत राहिले. फेब्रुवारी २०१६ मध्ये १९८ फोटो सुटले: हातापायांवरचे वळ, खरचटलेली कातडी, चेहऱ्यांवर काळ्या पट्ट्या, कितीतरी धूसर. सुमारे १,८०० मागे ठेवले. २०१७ मध्ये न्यायाधीशांनी तेही द्या म्हटले; ऑगस्ट २०१८ मध्ये अपील न्यायालयाने दाखला पुरेसा मानून तो आदेश उलटवला.