पीआयडी नेमस्पेस

लिनक्स कर्नेलमधील (कार्यप्रणालीच्या गाभ्यातील) एक सोय. हिच्यामुळे एकाच प्रोसेसला (चालू प्रोग्रॅमला) वेगवेगळ्या आवारांत, म्हणजे नेमस्पेसांत, वेगवेगळा ओळख-क्रमांक (पीआयडी) असतो. जानेवारी २००८ मधील २.६.२४ या आवृत्तीत ती आली आणि पुढे कंटेनरांचा (प्रोग्रॅम इतरांपासून अलग चालवण्याच्या कप्प्यांचा) एक पाया ठरली.

नेमस्पेस एकात एक बसवता येतात, ३.७ आवृत्तीपासून ही खोली ३२ पातळ्यांपर्यंत मर्यादित आहे. बाहेरच्याला आतल्या प्रोसेस दिसतात, आतल्याला बाहेरच्या दिसत नाहीत. घरात बाळू, शाळेच्या हजेरीत बाळकृष्ण, तसेच हे. फरक इतकाच की इथे ही सगळी नावे कर्नेलच्या एकाच नोंदीत, पातळीनुसार ओळीने लिहिलेली असतात. नेमस्पेसमधील पहिल्या प्रोसेसला १ हा क्रमांक मिळतो. ती पोरक्या प्रोसेस दत्तक घेते. ती संपली की कर्नेल आतल्या सर्वांना सिगकिल (तत्काळ संपवण्याचा संकेत) पाठवतो. आपला पालक कोण, असे तिने विचारले तर उत्तर ० येते, कारण तो भिंतीपलीकडे असतो.

खरी पंचाईत क्रमांक भिंतीपलीकडे न्यायचा झाला की होते. कंटेनरमधल्या लॉगमध्ये ‘प्रोसेस ७’ अडकल्याची नोंद आहे. पण मूळ यंत्रावरची ७ क्रमांकाची प्रोसेस भलतीच. प्रॉक फाइलप्रणाली (प्रोसेसांची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणारी) ज्या नेमस्पेसमधून माउंट केली, म्हणजे जोडली, तिथलाच क्रमांक दाखवी. युनिक्स सॉकेटवरून (एकाच यंत्रावरील प्रोसेसांच्या संवादमार्गावरून) ओळखपत्र पाठवले तर कर्नेल क्रमांक घेणाऱ्याच्या भाषेत बदलून देतो, पण त्यासाठी आतल्या प्रोसेसचे सहकार्य लागते. गंमत म्हणजे, प्रॉकमधील ‘शेड’ ही फाइल बरीच वर्षे कंटेनरच्या आतही बाहेरचाच क्रमांक सांगत असे. ती सोय नव्हती, गळती होती. नंतर बुजवली गेली.

२०१५ मधील ४.१ आवृत्तीने प्रत्येक प्रोसेसच्या ‘स्टेटस’ फाइलमध्ये चार ओळी वाढवल्या: थ्रेडगट, थ्रेड (प्रोसेसमधील कामाचा धागा), प्रोसेसगट आणि सत्र यांच्या क्रमांकांसाठी प्रत्येकी एक. ‘एनएसपिड ४३१२ २७ १’ अशी ओळ डावीकडून वाचायची: पाहणाऱ्याच्या प्रॉकमध्ये ४३१२, मधल्या पातळीत २७, सर्वांत आत १. आतून पाहणाऱ्याला फक्त १ दिसतो, म्हणजे एकांत अबाधित.

उलटा प्रवास मात्र बरीच वर्षे कष्टाचाच राहिला. आतल्या ७ वरून बाहेरचा क्रमांक काढायचा तर सगळ्या स्टेटस फाइली चाळाव्या लागत. २०२४ च्या ६.११ आवृत्तीत आयऑक्टल हाकेने (कर्नेलला थेट विनंती करण्याच्या एका पद्धतीने) थेट हे भाषांतर मिळू लागले.