हात हलवून देणारा मोजा आणि हात हलवायला लावणारा रोबोट

अर्धांगाच्या झटक्यातून पेशंट घरी आला की भेटायला येणाऱ्या पाहुण्यांपैकी कुणीतरी मोबाइलवर हमखास एक व्हिडिओ दाखवतो. काळा हातमोजा, बोटांवरून गेलेल्या नळ्या, शेजारी छोटी पेटी. बटण दाबलं की बोटं मिटतात, उघडतात. खाली लिहिलेलं असतं 'रोबोटिक थेरपी', आणि किंमत काही हजारांत. पुण्या-मुंबईच्या मोठ्या सेंटरमध्येही रोबोटिक थेरपीच देतात, मग कोल्हापुरातून पेशंटला घेऊन तिकडं कशाला पळायचं?

नाव एकच असलं तरी दोन्हींचं काम वेगळं आहे.

मोज्यात पंप हवा भरतो, बोटं एका बाजूला वळतात. हवा ओढून घेतली की परत येतात. पेशंटच्या मेंदूकडून काहीही आलं नाही तरी मोजा चालूच. आजोबा टीव्हीवर बातम्या बघतात, इकडं बोटांची उघडमीट सुरू. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पाय आपोआप वाकवणारं सीपीएम मशीन असतं, त्याच्याच कुळातला हा प्रकार. सांधे आखडू नयेत म्हणून त्याचा उपयोग आहे, पण हातात ताकद आणायचं काम त्याचं नाही.

थेरपीचा सुरुवातीचा एक रोबोट अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात नेव्हिल होगन आणि हर्मानो क्रेब्स यांनी घडवला, 1990 च्या सुमारास. त्याचं नाव एमआयटी-मॅनस. यात पेशंटचा हात एका दांड्याला बांधतात आणि समोर स्क्रीनवर ठिपके दिसतात. हात मध्यापासून ठिपक्यापर्यंत न्यायचा. मशीन आधी थांबतं, पेशंट सुरुवात करतो का ते बघतं. तो कमी पडला तरच ढकलतं, आणि जमायला लागलं की मदत कमी करत जातं. तालमीत वस्ताद नवख्या पोराला खेळवताना त्याला पेलेल तेवढाच जोर लावतो आणि पोरगं तयार होईल तसं हात राखणं कमी करतो, तसंच हे. मदत आयती मिळाली की माणूस नकळत स्वतःचा जोर सोडतो, आणि मेंदूला नव्यानं शिकायचं तर धडपडही हवी, चूकही दिसायला हवी.

फरक तपासायचा असेल तर पेशंटला हात मुद्दाम सैल सोडायला सांगा. मोज्याला पत्ताच लागणार नाही.

पण यात एक मेख आहे. खऱ्या रोबोटातही नुसता हात हलवून देण्याची सोय असते, जिथं हालचाल अजिबातच नाही अशा पेशंटसाठी. सगळं सेशन त्याच मोडवर काढलं, तर तो महागडा मोजाच झाला! उलट काही मोज्यांत चांगल्या हाताला सेन्सर असतो आणि त्याच्या हालचालीवर दुसरा हात चालतो. तिथं निदान लक्ष तरी द्यावं लागतं.

रोबोटचं खरं बळ म्हणजे न थकणं. एका बैठकीत तो शेकडो वेळा तीच हालचाल करून घेतो. फिजिओचे हात तोवर भरून येतील. तरीही 2019 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला, रोबोट थेरपीवरचा ब्रिटनमधला रॅटल्स अभ्यास वाचण्यासारखा आहे. 770 पेशंट, आठवड्यातून तीनदा 45 मिनिटं, 12 आठवडे. हाताची हालचाल थोडी सुधारली, पण रोजच्या कामात हात वापरणं नेहमीच्या उपचारांपेक्षा वाढलं नाही. ठिपक्यापर्यंत हात पोचणं वेगळं आणि पांढऱ्या रश्श्याची वाटी उचलून तोंडाला लावणं वेगळं. शिवाय खांदा कानाला टेकवून, पाठ वाकवूनही ठिपका गाठता येतो. खांद्यावर हात ठेवून 'हां, हे नको' म्हणायला माणूस लागतोच.

म्हणून माझं मत विचाराल तर पैसा आधी गल्लीतल्या चांगल्या फिजिओवर घाला. मोजा घरात असेलच तर तो बोटं उघडत असताना पेशंटलाही उघडायचा प्रयत्न करू द्या, टीव्ही बंद करून. आणि दाराला कप्पी-दोरी टांगून लुळा हात वर ओढणं मात्र बंद करा, त्यानं खांदा दुखावतो.

सेंटरला जायचंच ठरलं तर दोन गोष्टी आधीच विचारा: पेशंट स्वतः किती जोर लावतोय हे मशीन दाखवतं का, आणि रोबोटवरून उठल्यावर त्याच हातानं वाटी, गुंडी, दाराची कडी यांचा सराव कोण करून घेणार.