लुई बॉडी डिमेन्शिया : मेमरी क्लिनिकमधील तपासणी व निदान

मेंदूतील पेशींमध्ये अल्फा-सायन्युक्लिन या प्रथिनाच्या गाठी साचून होणारा स्मृतिभ्रंशाचा प्रकार. या गाठी फ्रिट्झ लुई यांनी १९१२ मध्ये कंपवाताच्या (पार्किन्सनच्या) रुग्णांच्या मेंदूत पाहिल्या. स्मृतिभ्रंशाशी त्यांचे नाते जपानचे केन्जी कोसाका यांनी १९७६ पासून उलगडले.

मेमरी क्लिनिकमध्ये, म्हणजे स्मृतीच्या तक्रारी तपासणाऱ्या दवाखान्यात, हा आजार निसटतो, कारण त्याची सुरुवात बहुधा विसरण्यापासून होत नाही. आधी ढासळते ते लक्ष आणि आकार-अंतराची जाण. रुग्ण लक्षात ठेवायला दिलेले तिन्ही शब्द बिनचूक सांगतो, पण एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढायला दिले की रेघा भरकटतात. (ज्या आजींनी आयुष्यात पेन्सिल धरलेली नाही, त्यांच्याबाबत या चाचणीवर विसंबू नये.)

निदानाचा खरा आधार घरच्यांशी होणारे बोलणे हाच आहे. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत चार मुख्य लक्षणे धरली आहेत : शुद्धीत आणि लक्ष देण्यात होणारे चढउतार, पुन्हापुन्हा दिसणारे स्पष्ट भास, स्वप्नानुसार झोपेत हातपाय झाडणे आणि कंपवातासारखा ताठरपणा, मंदपणा किंवा थरथर. यांपैकी कोणतेही लक्षण आपणहून सांगितले जाईल याची खात्री नसते. “झोपेत ओरडतात का, हात उगारतात का?” असे विचारल्यावर पत्नी म्हणते, “अहो, कित्येक वर्षं! म्हणून तर मी वेगळी झोपते.” स्मृतीच्या तक्रारीशी याचा संबंध असेल, हे तिच्या मनातही आलेले नसते. भासांबद्दल तर रुग्ण वेड लागल्याचा शिक्का बसेल या भीतीने गप्प राहतो. म्हणून “घरात कोणी नसताना माणसं, लहान मुलं, प्राणी दिसतात का?” असे सरळ, धीर देत विचारावे लागते. चढउतार एका भेटीत दिसतीलच असे नाही. चांगल्या दिवशी आलेल्या रुग्णाला गुणही चांगले पडतात.

स्मृतिभ्रंशाबरोबर दोन मुख्य लक्षणे असली की निदान ‘संभाव्य’ ठरते. एकच असेल तर तपासणीची जोड लागते : मेंदूतील डोपामिन या रसायनाच्या वाहकाचा स्कॅन (भारतात ट्रोडॅट), हृदयाच्या नसा तपासणारा एमआयबीजी स्कॅन किंवा रात्रभराची झोपेची चाचणी. हृदयविकारात आणि मधुमेहाने नसा बिघडलेल्या रुग्णांत एमआयबीजी फसवू शकतो. कंपवात स्पष्ट होऊन वर्ष उलटल्यावर स्मृतिभ्रंश आला, तर त्याला कंपवातजन्य स्मृतिभ्रंश म्हणतात. ही सीमारेषा सोयीसाठी आखलेली आहे. गाठी दोन्हीकडे त्याच.

अल्झायमर समजून पुढे जाण्यातला धोका औषधांत आहे. भास थांबवण्यासाठी हॅलोपेरिडॉलसारखे मनोविकारावरचे औषध दिले, तर यातले अनेक रुग्ण अचानक ताठरतात, गुंगीत जातात आणि कधी दगावतातही. उलट रिवास्टिग्मिन किंवा डोनेपेझिल या स्मृतिभ्रंशावरच्या औषधांनी भास व लक्ष दोन्ही सुधारू शकतात. म्हणून निदानाची नुसती शंका असली तरी ती फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहावी आणि घरच्यांच्या हातीही तशी चिठ्ठी द्यावी : मध्यरात्री रुग्णाला इस्पितळात आणल्यावर, त्याला शांत करायला इंजेक्शन भरणाऱ्या डॉक्टरांना ती आधी दिसली पाहिजे.