लवकर चढणं आणि आधी चढणं: क्रूझच्या प्रायॉरिटी बोर्डिंगचे पैसे नक्की कशाचे?

क्रूझचं बुकिंग झालं की काही दिवसांनी दोन गोष्टी पाठोपाठ समोर येतात. एक म्हणजे कंपनीचा मेल: थोडे जास्त पैसे भरा, प्रायॉरिटी बोर्डिंग घ्या, रांगेत उभं राहायला नको. दुसरी म्हणजे ऑनलाइन चेक-इन करताना येणारा प्रश्न: बंदरावर किती वाजता पोहोचणार, वेळ निवडा. दोन्हींचा संबंध जहाजावर चढण्याशी असल्यामुळे बरेच जण त्यांना एकच समजतात. कुणी प्रायॉरिटी घेतली म्हणून वेळ निवडायचा कंटाळा करतं आणि शेवटी उरलेला दुपारी दोनचा स्लॉट पदरात पडतो. कुणाला अकराचा स्लॉट मिळालेला असतो आणि वरून प्रायॉरिटीचे पैसेही भरलेले असतात, त्यातून जास्तीचं काय मिळालं हे काही कळत नाही.

मराठीत हा फरक दोन शब्दांत सांगता येतो. लवकर आणि आधी. लवकर हे घड्याळावर ठरतं, आधी हे शेजारच्या माणसावर ठरतं. स्लॉट तुम्हाला लवकर चढवतो आणि तो फुकट असतो. प्रायॉरिटी तुम्हाला दुसऱ्यांच्या आधी चढवते आणि तिचे पैसे पडतात. माझ्या पाहण्यात बहुतेकांना हवं असतं लवकर, आणि ते पैसे मोजतात आधीसाठी.

हे नीट कळायला जहाजाचा तो दिवस कसा जातो ते बघायला हवं. जहाज पहाटे धक्क्याला लागतं तेव्हा आधीच्या सफरीची माणसं अजून आत झोपलेली असतात. ‘आयकॉन ऑफ द सीज’सारख्या जहाजात एका केबिनमध्ये दोघं धरले तरी 5,610 प्रवासी होतात, सगळे बिछाने भरले तर 7,600. एवढी माणसं सकाळी उतरवायची, त्यांच्या बॅगा काढायच्या, हजारो चादरी बदलायच्या, आठवडाभराचा शिधा आत घ्यायचा आणि तितकीच नवी माणसं संध्याकाळच्या आत चढवायची. अमेरिकेतल्या बंदरांत तर जुन्या प्रवाशांची मोजणी शून्यावर आल्याशिवाय नव्यांना आत सोडत नाहीत. एखादा प्रवासी केबिनमध्ये झोपून राहिला तर जहाजभर त्याच्या नावाचा पुकारा होतो आणि बाहेर सगळे खोळंबतात. साधारण साडेदहा ते साडेअकराच्या दरम्यान दार उघडतं. ते दार तुमच्या पैशांनी पाच मिनिटंही आधी उघडत नाही. प्रायॉरिटी घेताना ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मा गैरसमज दूर होतो.

आता स्लॉट. चेक-इन कधी उघडतं हे कंपनीगणिक बदलतं, कुठे दीड महिना आधी, कुठे दोन-तीन आठवडे आधी. उघडल्यावर पासपोर्टचा तपशील, चेहऱ्याचा फोटो, कार्डाची माहिती भरायची आणि वेळ निवडायची. सकाळचे स्लॉट पटापट जातात. त्यामुळे ती तारीख फोनमध्ये टाकून ठेवा, पासपोर्ट आणि फोटो हाताशी ठेवा आणि त्या दिवशी पहिल्या तासातच बसून फॉर्म पुरा करा. अख्ख्या प्रवासातली ही पंधरा-वीस मिनिटं मला सगळ्यात मोलाची वाटतात, कारण त्यातून जे मिळतं ते पुढे पैसे देऊनही हमखास मिळेलच असं नाही. काही बंदरांत वेळ अगदी काटेकोर पाळतात, लवकर गेलात तर बाहेर थांबवतात. काही ठिकाणी तेवढं बघत नाहीत. पण ढिलाईच्या भरवशावर जाऊ नये.

प्रायॉरिटी कुठे उपयोगी पडते हे टर्मिनलमध्ये गेल्यावर कळतं. हमालाकडे मोठ्या बॅगा द्यायच्या, एक्स-रेमधून जायचं, कागदपत्रं दाखवायची, मग हॉलमध्ये बसायचं आणि आपल्या गटाचा नंबर पुकारला की जहाजात शिरायच्या पुलाकडे चालू लागायचं. यातल्या कागदपत्रांच्या रांगेत आणि गटाच्या क्रमात तुम्हाला पुढे घेतात. एक्स-रेची रांग पुष्कळ ठिकाणी सगळ्यांना एकच असते, आणि गर्दी खरी तिथेच तुंबते.

एका सफरीत मी पैसे भरून प्रायॉरिटी घेतली होती. एक्स-रे उरकून हॉलमध्ये आलो तर दोन दोरखंड लावलेले, डावीकडे प्रायॉरिटी, उजवीकडे बाकीचे. डावी रांग खांबाला वळसा घालून भिंतीपर्यंत गेलेली. माझ्यापुढे काठी टेकत उभे असलेले एक आजोबा होते, गळ्यात कंपनीच्या निष्ठावान प्रवाशांना मिळणारं कार्ड, आणि त्यांच्यापुढे तसंच कार्ड घातलेली निदान चाळीस माणसं. लांब पल्ल्याची सफर होती, त्यामुळे वर्षानुवर्षं त्याच कंपनीबरोबर फिरणारे खूप होते, आणि त्या सगळ्यांना प्रायॉरिटी फुकट. उजव्या रांगेतलं एक कुटुंब माझ्याबरोबरच आलं होतं. त्यांच्या लहान मुलीचा लाल फुगा मी नजरेत ठेवला होता. माझी पावती तपासून होईपर्यंत तो फुगा पुलाच्या तोंडाशी पोहोचला होता. मला त्या दिवशी वाईट वाटलं, कारण ते पैसे मी विचार न करता भरले होते. आधी असणं हे नेहमी कुणाच्या तरी तुलनेत असतं. सगळेच आधीच्या रांगेत आले की आधी असं काही उरत नाही.

विमानाची सवय इथे घात करते. विमानात आधी चढण्याला ठोस अर्थ आहे: डोक्यावरच्या कप्प्यात बॅग ठेवायला जागा मिळते, उशिरा गेलं की ती खाली मालात टाकावी लागते. जहाजावर तुमची केबिन तुमचीच असते, मोठ्या बॅगा कर्मचारी दारापर्यंत आणून देतात, आणि जहाज सुटेपर्यंत तुम्ही कितवे चढलात याने कशाचीच जागा कमी होत नाही. पूर्वी आधी चढणाऱ्याला खास रेस्टॉरंटची टेबलं किंवा शोची तिकिटं जाऊन पकडता यायची. आता त्यातलं बरंचसं बुकिंग ॲपवर, घरी बसून होतं.

मग पैसे वाया जातात का? तुम्ही कधी पोहोचणार यावर ते अवलंबून आहे. अगदी पहिल्या स्लॉटला गेलात तर दार उघडायचं असतं, सगळेच बसून वाट बघतात, प्रायॉरिटीने फार तर काही मिनिटांचा फरक पडतो. दोननंतर गेलात तर बहुतेक रांगा ओसरलेल्या असतात, पुढे घालायला पुढे कुणी नसतंच. साडेअकरा ते एक या वेळेत मात्र लोंढा येतो, आणि तेव्हा वेगळी रांग खरंच कामाला येते. सकाळचा स्लॉट हुकला आणि नेमकी हीच वेळ हातात उरली, तर विचार करायला हरकत नाही. दुसऱ्या टोकाचंही सांगतो. शेवटची वेळ सगळ्यांना सारखीच असते. अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजाला प्रवाशांची पक्की यादी सुटण्याच्या 60 मिनिटं आधी सरकारकडे द्यावी लागते, कंपन्या चेक-इन त्याच्याही आधी बंद करतात. त्यानंतर पोहोचलेल्याला प्रायॉरिटीचा कागद काही मदत करत नाही.

आणखी एक. नुसतं बोर्डिंग म्हणून जे विकतात ते पुष्कळदा अनेक सोयींचं पुडकं असतं, आणि किंमत पुडक्यातल्या बाकीच्या गोष्टींवरून ठरवावी. कार्निव्हल या क्रूझ कंपनीचं ‘फास्टर टू द फन’ घ्या. त्यात बोर्डिंगबरोबर केबिन लवकर ताब्यात मिळते, बॅगा लवकर येतात, किनाऱ्यावर नेणाऱ्या होड्यांत आधी जागा मिळते, आणि पैसे माणशी नाही, केबिनमागे भरायचे असतात. चार जणांच्या कुटुंबाला हा हिशेब बरा पडतो. रॉयल कॅरिबियनचं ‘द की’ वेगळं: पैसे दर माणशी, दर दिवसाचे, आणि लहान मुलं सोडली तर केबिनमधल्या सगळ्यांनी घ्यावं लागतं. त्यात इंटरनेट येतं, पहिल्या दिवशी मुख्य डायनिंग रूममध्ये जेवण येतं, शोला राखीव जागा येतात. इंटरनेट तुम्ही नाहीतरी विकत घेणारच असाल तर त्याची किंमत वजा करून बघा, उरलेला आकडा पटतो का ते ठरवा. इंटरनेट नको असेल तर फक्त चढण्यासाठी हे घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि विकत घेण्याआधी आपल्याकडे ते आहे का हे तपासा. नॉर्वेजियनच्या ‘हेवन’ किंवा एमएससीच्या ‘यॉट क्लब’ या जहाजावरच्या महागड्या खास विभागांत केबिन असेल तर प्रायॉरिटी त्यातच धरलेली असते. व्हीलचेअर लागणाऱ्या प्रवाशांना कंपनीला आधी कळवलं की मदत मिळते, त्यासाठी हे पुडकं घ्यायची गरज नसते.

केबिन लवकर मिळण्याला मी चढण्यापेक्षा जास्त किंमत देईन. एरवी केबिनी दुपारी एक-दीडपर्यंत तयार होतात. साडेअकराला चढलेला माणूस तोवर हातातली बॅग सांभाळत बुफेत टेबल शोधत असतो. रात्रभराचा प्रवास करून आलेल्याला, किंवा कडेवर झोपाळलेलं बाळ असलेल्या आईला, तेव्हा दार लावून अंग टाकायला जागा मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. ज्यांना ही सोय नाही त्यांनी औषधं, कागदपत्रं, पोहण्याचे कपडे आणि बाळाचं सामान हातातल्या बॅगेत ठेवावं. मोठ्या बॅगा संध्याकाळपर्यंतही येऊ शकतात.

मोकळ्या वेळेचा एक उपयोग मात्र लवकर आलेल्या प्रत्येकाने करावा. 13 जानेवारी 2012 ला ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळलं, 32 माणसं गेली, आणि त्याच दिवशी चढलेल्या कित्येकांची सुरक्षा कवायत झालेलीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमात त्यासाठी 24 तास होते. त्यानंतर नियम बदलला, आता कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावी लागते. बऱ्याच जहाजांवर फोनवर चित्रफीत बघून आपल्या जमण्याच्या जागी जाऊन हजेरी लावायची असते. चढल्या चढल्या ती जागा पायाने चालून बघून या. जेवण त्यानंतर.

पुडक्यातली सगळ्यात किमती गोष्ट, आणि जिच्याकडे कुणी बघत नाही, ती म्हणजे टेंडर, म्हणजे जहाजावरून किनाऱ्यावर नेणारी होडी. काही बंदरांत मोठ्या जहाजाला धक्काच नसतो. ग्रँड केमन, बेलीझ सिटी, काबो सान लुकास, सँटोरिनी इथे जहाज समुद्रात थांबतं आणि छोट्या होड्यांतून माणसं किनाऱ्यावर नेतात. बेलीझमध्ये जहाज किनाऱ्यापासून कितीतरी मैल दूर उभं राहतं. किनाऱ्यावर मिळायचे सहा-सात तास, त्यातला तास-दीड तास नंबर यायची वाट बघण्यात गेला तर तो कापला जातो तो थेट फिरण्यातून. सँटोरिनीला तर होडीतून उतरल्यावर पुन्हा रांग. जुन्या बंदरापासून वर ‘फिरा’ नावाच्या गावात जायला केबल कार, नाहीतर जवळपास सहाशे पायऱ्या. एकामागून एक होड्या येत राहतात आणि केबल कारची रांग वाढत जाते. पहिल्या होडीतला माणूस वर जाऊन कॉफी पिऊन होतो तेव्हा दहाव्या होडीतला खालीच उन्हात उभा असतो. इथे ‘आधी’ला खरा भाव आहे, कारण इथे उशीर वाढत जाणारा आहे. टर्मिनलमध्ये तसं होत नाही.

पण इथेही एक मेख आहे. जहाजातर्फे सहल घेणाऱ्यांना बहुधा त्यांच्या गटाबरोबरच आधी नेतात. म्हणजे टेंडरच्या प्रायॉरिटीचा फायदा स्वतःचं स्वतः फिरणाऱ्यांना. तेव्हा आपल्या मार्गातली बंदरं काढा, त्यातली टेंडरची किती ते बघा, आणि तिथे आपण कसे फिरणार आहोत ते ठरवा. सगळ्या बंदरांत धक्का असेल तर पुडक्याचा हा भाग शून्य. दोन टेंडर बंदरं आणि दोन्हीकडे आपलं आपण फिरायचं असेल तर मी घेतो.

उतरण्यातही हाच घोळ होतो. ‘आधी उतरा’ हेही पुडक्यात असतं. पण स्वतःच्या सगळ्या बॅगा स्वतः उचलून नेणाऱ्यांना जवळपास सगळ्याच कंपन्या सकाळी सगळ्यात पहिल्यांदा सोडतात, तेही फुकट. आदल्या रात्री बॅग दाराबाहेर ठेवायची नाही, पुकारा झाला की चालू लागायचं. सुटकेस चाकाची आणि आटोपशीर असली की एवढं पुरतं. गुडघे दुखत असतील किंवा चार मोठ्या बॅगा असतील तर वेगळी गोष्ट. त्या सकाळी जिन्यात आणि लिफ्टपाशी जी दाटी होते, तिथे कुणालाच प्रायॉरिटी नसते.